ट्रेलरच्या शेपटावरचे ओझे

जून उजाडला की अमेरिकेतल्या महामार्गांवर चाकांवरची घरे दिसू लागतात. पुढे पिकअप ट्रक नाहीतर दणकट एसयूव्ही आणि मागे पंचवीस-तीस फुटी पांढरा डबा. आत ओटा, फ्रीज, बिछाने, न्हाणीघर, सगळे काही. हा ट्रॅव्हल ट्रेलर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. ओढणाऱ्या गाडीच्या मागे बसवलेल्या पोलादी गोळ्यावर, म्हणजे हिच बॉलवर, त्याची मान टेकलेली असते आणि उरलेले सगळे वजन स्वतःच्या चाकांवर. कोविडच्या काळात विमाने आणि हॉटेले लोकांना नकोशी झाली तेव्हा या घरांची चांदी झाली. २०२१ या एका वर्षात तिथल्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक आरव्ही (अशी फिरती घरे) बाहेर पडल्या आणि त्यात सर्वांत मोठा वाटा ओढायच्या ट्रेलरचा होता. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबेही आता यलोस्टोनच्या वाटेवर असा ट्रेलर ओढताना दिसतात. सुट्टीला म्हणून गेलेले आजी-आजोबा मागच्या सीटवर असतातच.

घर कितीही मोठे असले तरी सामान त्याहून जास्त निघते. दोन इलेक्ट्रिक सायकली, जनरेटर, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, जळाऊ लाकडे. मग नजर जाते ट्रेलरच्या मागच्या मोकळ्या भिंतीकडे. तिथे एक लोखंडी जाळीचा रॅक लावला की प्रश्न मिटला, असे वाटते. असा रॅक ऑनलाइन मागवता येतो, शनिवारी सकाळी पाना-पक्कड घेऊन बसवताही येतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५०० पौंड’ असे छापलेले असते. ग्राहक मनाशी म्हणतो, म्हणजे सव्वादोनशे किलो. आपले सामान तर त्याच्या निम्मेही नाही.

हा आकडा खोटा नसतो, पण तो रॅकचा असतो. रॅक २२५ किलो पेलेल. ज्या बंपरला तो अडकवला तो पेलेल का, ज्या चॅसीला बंपर डकवला आहे ती पेलेल का आणि एवढे वजन मागे गेल्यावर ट्रेलर सरळ चालेल का, याबद्दल खोके एक अक्षर बोलत नाही. ट्रेलरच्या मागे रॅक लावणे म्हणजे गाडीच्या रचनेत आणि तोलात केलेला बदल आहे. तो सुट्या सामानासारखा विकला जातो आणि सगळा हिशेब गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो, हे या धंद्याचे दुखणे आहे.

आधी तोलाचे पाहू, कारण बंपर तुटून रॅक रस्त्यावर पडणे हे निदान डोळ्यांना दिसते. तोल बिघडलेला दिसत नाही.

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पोती मागे जास्त गेली की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पुढे जास्त गेली तर गाडी धुरजड होते आणि सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. म्हणून जाणता गाडीवान आसाच्या किंचित पुढे वजन झुकते ठेवतो. अमेरिकन ट्रेलरचा नियम नेमका हाच आहे, फक्त तो टक्क्यांत सांगितला जातो: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिच बॉलवर पडला पाहिजे. बैल आणि पिकअप यांत एकच मोठा फरक आहे. बैल ताशी शंभर किलोमीटरने धावत नाहीत.

आता आकडे मांडू. भरलेल्या ट्रेलरचे वजन २,७०० किलो आणि त्यातले ३२४ किलो हिचवर, म्हणजे बरोबर १२ टक्के. गोळ्यापासून चाकांच्या जोडीचा मध्य १६ फुटांवर आणि चाकांपासून मागे रॅकवरच्या सामानाचा मध्य १२ फुटांवर. रॅकसकट १०० किलो मागे टांगले की तरफेच्या नियमाने हिचवरचे ७५ किलो उचलले जातात. उरतात २४९. एकूण वजन झाले २,८०० किलो, म्हणजे प्रमाण ९ टक्क्यांच्याही खाली. मागे टांगले १०० किलो, पण चाकांवर भार वाढला १७५ किलोंचा, कारण हिचने सोडलेला भारही त्यांनाच उचलावा लागतो. टायर आणि एक्सल आधीच मर्यादेच्या काठावर असतील (बऱ्याच स्वस्त ट्रेलरमध्ये ते असतातच) तर हे वरचे ७५ किलो हिशेबात कोणी धरलेले नसतात. आणि हे १०० किलो जमतात किती सहज ते पाहा: रॅक २५ किलो, दोन इलेक्ट्रिक सायकली ५५, लहान होंडा जनरेटर रिकाम्या टाकीने २१. झाले १०१.

हिचवरचा भार असा हलका झाला की ट्रेलर झोले खायला लागतो. शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला, उतारावर वारा आडवा आला किंवा चालकाने जरा जोरात लेन बदलली की ट्रेलरचे शेपूट डावीकडे जाते, मग उजवीकडे, मग आणखी जास्त डावीकडे. तोल नीट असेल तर दोन-तीन हेलकाव्यांत ते शमते. नसेल तर एका ठरावीक वेगाच्या पुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर पुढच्या गाडीलाच फरपटत नेतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कार आणि ट्रेलरच्या जोडीवर प्रयोग करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेगातल्या स्थैर्यावर मोठा परिणाम करणाऱ्या गोष्टी त्यांनी सांगितल्या त्या अशा: वजन कुठे ठेवले आहे, हिचवर किती भार आहे आणि चाके कुठे आहेत. घर्षणाने हेलकावे रोखणारी जी उपकरणे बाजारात मिळतात ती कमी वेगात उपयोगी पडतात, जास्त वेगात त्यांचा प्रभाव कमी होतो, असेही त्यांना आढळले. ‘चांगला हिच लावला आहे, आता काळजी नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

यात आणखी एक गोम आहे. टोकावरचे वजन दोनदा छळते. ते हिच हलका करते आणि एकदा ट्रेलर डोलायला लागला की त्याला थांबवणे अवघड करते. वजन आसापासून दुप्पट लांब नेले की ते फिरवायला आणि थांबवायला लागणारा जोर चौपट होतो. म्हणून पुढे तेवढेच वजन टाकून हिचचे टक्के भरून काढले तरी ट्रेलर पूर्वीइतका शहाणा राहत नाही. दोन्ही टोकांना ओझे लटकवलेला ट्रेलर उशिरा डोलतो, पण डोलला की आवरत नाही. पुढच्या कप्प्यात पाण्याचे कॅन भरून ‘तोल साधला’ म्हणणारे अर्धाच हिशेब करतात.

झोले सुरू झालेच तर काय करायचे, हे चालकाला घरातून निघण्याआधी पाठ असले पाहिजे, कारण तेव्हा विचाराला वेळ नसतो. स्टिअरिंग सरळ धरायचे, उलटसुलट फिरवून ‘सावरायला’ जायचे नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा आणि डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावायचे. गाडीचा ब्रेक दाबणे ही सर्वांत स्वाभाविक प्रतिक्रिया आणि तीच घातक. पुढची गाडी मंदावते आणि मागचे घर तिला ढकलते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. बाजूने पंचाहत्तरने जाणाऱ्या गाड्या पाहून ती जाचक वाटते, पण तिच्यामागे हे सगळे विज्ञान आहे.

तोलाकडून आता लोखंडाकडे. ट्रॅव्हल ट्रेलरचा मागचा बंपर पाहून भले भले फसतात. चार इंच बाय चार इंचांचा चौकोनी पोलादी पाइप, दिसायला भरभक्कम. वाजवून पाहिला तर कळते की तो पातळ पत्र्याचा आणि पोकळ आहे. दोन्ही टोकांना टोपणे असतात; ती काढली तर आत सहसा सापडते मैला उपसायची नळी. या बंपरचे रोजचे काम म्हणजे ही नळी साठवणे आणि फार तर एक जादा चाक पाठीवर घेणे. टक्कर झेलणे किंवा सायकली वाहणे हे त्याचे काम कधीच नव्हते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत बंपरवर काही लादू नका, लादल्यास वॉरंटी जाईल, असे लिहिलेले असते. पुस्तिका मात्र ड्रॉवरच्या तळाशी, हमीपत्रांच्या गठ्ठ्यात असते.

रॅक या पाइपला क्लॅम्पनी आवळला की वजन नुसते खाली ओढत नाही, ते पाइपला पिळते. रॅकवरचे सामान बंपरच्या दोन फूट मागे असते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक ते वर-खाली झटके देते. मागच्या टोकाला उसळी सर्वांत जास्त. उभ्या गाडीत १०० किलो असलेले सामान धावत्या गाडीत क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर लावते. हा सगळा पीळ जातो बंपर आणि चॅसी यांच्यातल्या दोन वेल्डिंगच्या रेषांवर. तिथे केसाएवढी चीर पडते, हजार मैलांत ती वाढते आणि एक दिवस अख्खा बंपर रॅकसकट मागच्या गाडीपुढे पडतो. चॅसीला बोल्टने बसणाऱ्या आणि बंपरला खालून मिठी मारणाऱ्या पोलादी पट्ट्या बाजारात मिळतात. त्यांचे काम बंपर निसटू न देण्याचे आहे. त्यांनी बंपरची वजन पेलायची ताकद वाढत नाही. विक्रेते ही दोन वाक्ये सोयीस्करपणे एक करतात.

मग रॅक लावायचाच असेल तर तो थेट चॅसीला बांधलेल्या रिसीव्हरला लावावा. दोन मुख्य आय-बीमना आडवी तुळई, तिच्या मध्ये दोन इंची चौकोनी तोंड, त्यात रॅकची दांडी. इथेही बारकावे आहेत. चाकांच्या मागे लोंबणाऱ्या चॅसीवर वजन टाकले की तिची वरची पट्टी ताणली जाते आणि खालची दाबली जाते. म्हणून भोके पाडायची ती बीमच्या उभ्या पत्र्यात, वरच्या-खालच्या पट्ट्यांत नाही. उभा पत्रा पातळ असतो, तेव्हा आतून जाड पट्टी देऊन तिच्यासह बोल्ट आवळायचे. ताणल्या जाणाऱ्या पट्टीवर आडवे वेल्डिंग केले तर चीर तिथूनच सुरू होते. शिवाय ट्रेलरच्या जमिनीखाली विजेच्या तारा, फोम आणि बऱ्याचदा गॅसची नळी चॅसीला लागूनच गेलेली असते. ठिणग्या कुठे उडतात ते न पाहता केलेले वेल्डिंग रॅकआधी घरालाच भोवते. काही ट्रेलरची चॅसी शेवटच्या आडव्या तुळईनंतर वेगळ्या, हलक्या तुकड्याने वाढवलेली असते. तिथे रिसीव्हर टांगणे म्हणजे बंपरचीच चूक दोन फूट पुढे नेणे. हे काम ट्रेलरच्या चॅसीवर काम करणाऱ्या वेल्डरचे आहे. शेजाऱ्याकडे वेल्डिंग मशीन आहे, एवढ्या भांडवलावर ते होत नाही.

मागच्या टोकाचे दुखणे किती जुने आहे याचा दाखला एअरस्ट्रीमने दिला आहे. अॅल्युमिनियमचे चकचकीत, गोलाकार एअरस्ट्रीम हे या छंदातले मानाचे वाहन. कंपनी १९३० च्या दशकापासूनची. पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या तिच्या अनेक ट्रेलरमध्ये मागची चॅसी वरच्या कवचापासून सुटण्याचा रोग इतका सर्रास आढळतो की जुना एअरस्ट्रीम घेणारा माणूस आधी मागच्या बंपरवर उभा राहून उड्या मारतो आणि कवच चॅसीबरोबर हलते की चॅसी एकटीच खाली जाते ते पाहतो. न्हाणीघर मागच्या टोकाला, पाण्याची गळती, कुजलेली प्लायवूडची जमीन आणि त्यावर मागे लटकलेले वजन, असा तो घाट. इतक्या नावाजलेल्या बांधणीची ही गत, तर इंडियानातल्या एलखार्टच्या परिसरात घाऊक वेगाने जोडल्या जाणाऱ्या स्वस्त ट्रेलरच्या शेपटावर डोळे झाकून विश्वास का ठेवावा?

सायकलींचा रॅक निवडताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. कारसाठी बनवलेले अनेक रॅक ट्रेलरच्या मागे लावायला त्यांच्याच उत्पादकांची मनाई असते, कारण तिथली उसळी कारच्या मागे मिळत नाही. आरव्हीसाठी मुद्दाम मंजूर केलेले रॅक वेगळे, महाग आणि जड असतात. सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवली तरी प्रत्येकी दोन-चार किलो वाचतात.

आणि आता वजनकाटा, जिथे हा सगळा वाद मिटतो. अमेरिकेतल्या ट्रक-थांब्यांवर पिवळ्या-काळ्या पाटीचे कॅट स्केल ठिकठिकाणी आहेत. ट्रकचालकांच्या रांगेत उभे राहून थोडक्या डॉलरांत कोणालाही तिथे तोलून घेता येते. एकदा ट्रेलर जोडून, वजन वाटून देणारे हिचचे बार सैल सोडून; एकदा नुसती गाडी. दोन्ही वेळच्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे हिचवरचा भार. घरच्या घरीही हे जमते. एक भक्कम फळी घ्यायची, तिचे एक टोक वजनाच्या घरगुती काट्यावर, दुसरे पाइपच्या तुकड्यावर, दोन्हींत तीन फूट अंतर. ट्रेलरचा पुढचा जॅक पाइपपासून एक फुटावर टेकवायचा. काट्यावर येईल त्याची तिप्पट हिचचे वजन. पाण्याची टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना, दोनदा तोलावे. ४० गॅलनची टाकी म्हणजे दीडशे किलो आणि ती चाकांच्या पुढे असेल तर पाणी संपता संपता हिचही हलका होत जातो. सकाळी निघताना सुरक्षित असलेला ट्रेलर परतीच्या वाटेवर तसा नसतो. एका वजनाच्या पावतीवर वर्षभर विसंबणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये, अनेक राज्यांत चार फुटांपेक्षा जास्त मागे आलेल्या सामानाला लाल झेंडी लागते आणि पेट्रोल पंपाच्या चढावर रॅक घासतो, हे दुकानदारही सांगतो. तो सांगत नाही ते पेट्रोलच्या कॅनबद्दल. मागून गाडी धडकली तर पहिला मार रॅकला बसतो. तिथे वीस लिटर पेट्रोल बांधून फिरणे हा शुद्ध अविचार आहे. जळाऊ लाकडांचा प्रश्न तर कायद्यानेच अर्धा सोडवला आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला ॲश झाडे पोखरणारा हिरवा किडा लाकडांबरोबर राज्याराज्यांत पसरला, म्हणून अनेक ठिकाणी बाहेरची लाकडे आणायला बंदी आहे. ती मुक्कामावर विकत घ्यावीत. रॅकवरचे तीस-चाळीस किलो तिथेच कमी होतात.

या सगळ्यावर ठरलेले उत्तर येते: आमच्याकडे दहा वर्षे रॅक आहे, काही झाले नाही. ते खरेही असेल. सगळेच रॅक वाईट नसतात. काही ट्रेलरना कारखान्यातूनच मागे रिसीव्हर मिळतो आणि त्यावर मर्यादा छापलेली असते. अशा ट्रेलरच्या मालकाने मर्यादेत राहून, काट्यावर तोलून सायकली न्याव्यात, कोणाची हरकत नाही. पण लोखंड थकते ते सांगून सवरून नाही. दहा वर्षांची निर्धोक सफर ही अकराव्या वर्षाची हमी होत नाही, उलट तेवढे धक्के त्या वेल्डिंगने आधीच खाल्लेले असतात. बोल्ट पहिल्या पन्नास-शंभर मैलांनंतर पुन्हा आवळणे, वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक रेघ उमटली आहे का ते प्रत्येक सफरीआधी पाहणे, एवढी शिस्त किती जण पाळतात? आणि सर्वांत जड वस्तू पिकअपच्या हौद्यात ठेवायला हरकत काय असते? बहुतेकदा काहीच नाही. तिथे आधीच कुत्र्याचा पिंजरा असतो, इतकेच. अर्थात पिकअपच्याही वजनाला मर्यादा आहे, तीही काट्यावरच कळते.

सगळा दोष गिऱ्हाइकावर ढकलणे मात्र अन्यायाचे आहे. अमेरिकेत प्रत्येक आरव्ही ट्रेलरवर सामानाच्या वजनाची कमाल मर्यादा सांगणारा स्टिकर लावणे केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. पाण्याची टाकी भरली तर किती वजन होते तेही त्यावर असते. म्हणजे किती लादायचे ते लिहिलेले आहे. कुठे लादायचे याला रकाना नाही. मागच्या टोकाला किती किलो चालतील, बंपरला किती, चॅसीला किती आणि तिथे टांगलेल्या दर दहा किलोंमागे हिचवरचे किती किलो कमी होतील, हे चार आकडे उत्पादकाला नक्की माहीत असतात, कारण चाकांची जागा त्यानेच ठरवलेली असते. ते छापायला शाईखेरीज काही खर्च नाही. छापत नाहीत, कारण बंपरपुढे ‘शून्य’ लिहिलेला ट्रेलर शोरूममध्ये कमी आकर्षक दिसतो, असा संशय घेतला तर तो वावगा ठरू नये. तिथला कायदा उत्पादक, विक्रेते आणि गॅरेजवाल्यांना सुरक्षेची साधने निकामी करू देत नाही, पण मालक स्वतःच्या अंगणात स्वतःच्या ट्रेलरला काय जोडतो याकडे पाहत नाही. असे स्वातंत्र्य दिले तर सोबत आकडे तरी द्यायला हवेत.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितले. तरी एसयूव्हीच्या मागे आणि टपावर घरगुती बनावटीचे कॅरिअर घेऊन लोक लोणावळ्याचा घाट चढतात, ते कोणत्याही रविवारी पाहावे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आज त्यात इंजिनाच्या गाड्याच जास्त आहेत, ओढायचे ट्रेलर तुरळक. पण ही हौस वाढेल तशी मागे सायकली आणि टपावर तंबू लटकवायची हौसही येणार. परवाना देताना मागच्या टोकाच्या कमाल भाराचा आकडा उत्पादकाकडून लिहून घ्यावा आणि तो गाडीच्या मागच्या बाजूला, नंबरप्लेटशेजारी, मराठीत रंगवून घ्यावा. ट्रकच्या पाठीवर इतका मजकूर मावतो, तिथे एका आकड्याला जागा होईल. आणि गाड्या मोजक्या आहेत तोवर हे करून घेणे परिवहन खात्यालाही जड जाणार नाही.